पानांची कैफियत

झाशीच्या इलाइट चौराह्यावर वाहनांची वर्दळ थांबली आहे असा दिवसाचा एकही प्रहर सापडत नाही. एका अंगाने चित्रा चौराह्याकडे आणि दुसऱ्या अंगाने जीवनशाह तिराह्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून अहोरात्र धावणाऱ्या बसगाड्या, टेंपो आणि ई-रिक्षा यांनी उडविलेली तांबूस धूळ आसपासच्या गल्ल्यांतील कुंपणांवर, गच्च्यांवर आणि कुंड्यांवर पावसाळ्याचे दिवस वगळता वर्षभर बसत असते. या चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या बैठ्या घरात, नेवाळकरांच्या अमदानीत दक्षिणेतून इकडे येऊन स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी एक कुटुंब राहते. त्या घरची मराठी हिंदीच्या शेजाराने थोडी वळली आहे, सणावाराच्या पक्वान्नांत बुंदेलखंडाची भर पडली आहे. परंतु अंगणातली झाडे मात्र कोकणातल्या एखाद्या परसात शोभावीत अशीच आहेत: मोगरा, तगर, जास्वंद, कण्हेर, दोन-चार गुलाब, आणि भिंतीला लागून एक अनंत, ज्याला इकडे गंधराज म्हणतात.

गेल्या ज्येष्ठात त्या घरच्या काकूंनी मला निरोप पाठवून बोलावून घेतले. “अरे, जरा बघ तरी याच्याकडे. सगळे म्हणतात कीड लागली. तीन औषधं मारून झाली, पण पान काही हिरवं होत नाही,” असे सांगताना त्यांच्या स्वरात घरातल्या आजारी माणसाविषयी बोलताना येतो तसा कातरपणा होता. माळ्याने पहिल्याच दिवशी “कीड़ा लगा है” असे सांगून टाकले होते, दुकानदाराने झाड न पाहताच एक बाटली दिली होती, तिचा गुण न आल्याने दुसरी, आणि दुसरीचा न आल्याने तिसरी. मी अनंताजवळ बसलो. शेंड्याची कोवळी पाने हळद लावल्यासारखी पिवळी पडली होती, परंतु त्या पिवळेपणातून प्रत्येक शीर न् शीर हिरव्या रेषेने आखल्यासारखी स्पष्ट दिसत होती. खालची जुनी पाने पूर्ववत गर्द आणि तुकतुकीत होती. पानाला छिद्र नव्हते, पाठीवर चिकटा नव्हता, जाळे नव्हते, देठाशी मुंग्यांची रांग नव्हती. ज्या अपराध्याच्या नावाने तीन बाटल्या रिकाम्या झाल्या, त्याचा मागमूसही त्या झाडावर नव्हता.

त्या अनंताचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच. परंतु त्या सकाळी जे जाणवले ते असे की, बागेतल्या बहुवर्षायू झाडांच्या बाबतीत आपण सुशिक्षित माणसेही फिर्याद दाखल होण्यापूर्वीच शिक्षेचा हुकूम देऊन मोकळे होतो. हंगामी फुलझाड चार महिन्यांत आपले आयुष्य संपवून जाते, त्याच्यावरची चूक त्याच्याबरोबरच जाते. परंतु जो मोगरा किंवा जी जास्वंद वीस-वीस वर्षे एकाच आळ्यात उभी आहे, तिच्यावर चुकीच्या निदानाने केलेला प्रत्येक उपचार त्या मातीत, त्या मुळांत आणि त्या झाडावर राहणाऱ्या शेकडो निरुपद्रवी जीवांत साठत जातो. झाड बोलत नाही, हे खरे. परंतु पान ही त्याची लेखी कैफियत असते. जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी कागदांची दप्तरे असतात, त्यांत घराण्याचा सारा इतिहास नोंदलेला असतो आणि तो वाचणारे घरात कोणी उरलेले नसते, तशी काहीशी आपली आणि पानांची स्थिती झाली आहे. लिपी मात्र अवघड नाही, आणि ती शिकण्यास एक दहापटीचे भिंग, एक पांढरा कागद आणि थोडा धीर एवढ्यावर भागते. सराफ वापरतात ते भिंग उत्तम.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे आणि त्यात थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडांना रोग होतात असे सांगून त्यांची लक्षणे दिली आहेत: पाने फिकी पडणे, अंकुरांची वाढ खुंटणे, फांद्या सुकणे, रस गळणे. यांपैकी पहिल्या लक्षणाला त्याने ‘पांडुपत्रता’ असा शब्द योजला आहे. मनुष्याच्या पांडुरोगाशी पानाच्या फिकेपणाचे नाते जोडणारा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याहूनही मोलाचे वाटते ते हे की, कारणे सांगताना वराहमिहिराने प्रथम हवामानाचे नाव घेतले. आज आपण नेमके उलटे करतो. प्रथम किड्याचे नाव घेतो आणि हवामानाची आठवण झाड मेल्यानंतर होते.

म्हणून तपासाचा पहिला शिरस्ता असा असावा की, पानाला हात लावण्यापूर्वी दहा पावले मागे सरून संपूर्ण बाग पाहावी. पुष्कळ किडी आणि बुरशी यांची आवडनिवड फार काटेकोर असते. गुलाबावर काळे ठिपके पाडणारी बुरशी शेजारच्या मोगऱ्याला शिवत नाही, आणि कण्हेरीवरचा पिवळा मावा जास्वंदीकडे फिरकत नाही. तेव्हा ज्याअर्थी एकाच आठवड्यात मोगरा, जास्वंद आणि क्रोटन ही तिन्ही कुळे एकदम पिवळी पडली, त्याअर्थी कारण पाण्यात, मातीत किंवा हवेत शोधावे. सजीव कारणाने झालेली हानी एका कोपऱ्यात सुरू होते आणि दिवसागणिक पसरते, तिला ठरीव आकार नसतो; निर्जीव कारणाची हानी बहुधा एका रात्रीत किंवा एका दुपारी होते, सारखी दिसते, आणि मग जागच्या जागी राहते. मे महिन्यात बुंदेलखंडात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि दुपारभर लू वाहते, तेव्हा नैर्ऋत्येच्या अंगाची पाने मधोमध पांढुरकी भाजून निघतात आणि त्याच झाडाची ईशान्येची पाने शाबूत राहतात. हा दिशेचा पुरावा इतका बोलका असतो की त्यानंतर भिंगाचीही गरज पडू नये.

दुसरा प्रश्न धुळीचा, आणि इलाइट चौराह्याच्या परिसरात तोच सर्वांत मोठा आहे. काकूंच्या रस्त्याकडील कुंपणावर जे गुलाब आणि जी जास्वंद आहे, त्यांची पाने उन्हाळ्यात दरवर्षी निस्तेज होतात; दुरून पाहता पान हिरवे की करडे ते ठरविता येत नाही आणि जवळून पाहिल्यास सुईच्या टोकाने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके दिसतात, जे पुढे एकमेकांत मिसळून पानाला काशासारखा तांबूस रंग देतात. माणसे म्हणतात, धूळ बसली, आणि धूळ पुसली तरी रंग परत येत नाही म्हणून आश्चर्य करतात. अशा वेळी फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीला दोन टिचक्या माराव्यात आणि क्षणभर थांबावे. कागदावर पडलेल्या धुळीच्या कणांपैकी काही कण चालू लागतात. ते लाल कोळी. बोट फिरविल्यास कागदावर तांबूस रेघ उमटते. आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आकाराचा हा जीव कीटकांच्या वर्गात बसत नाही, कोळ्यांच्या बिरादरीत बसतो. तो पानाच्या पाठीवर राहून एकेक पेशी फोडून रिकामी करतो, आणि पुढून दिसणारा प्रत्येक फिकट ठिपका म्हणजे त्याने रिकामी केलेली जागा होय. पानांच्या बेचक्यांत बारीक जाळी दिसू लागली म्हणजे प्रकरण बरेच पुढे गेले असे समजावे.

या कोळ्याला कोरडी उष्णता मानवते; तीस अंशांच्या आसपास त्याची एक पिढी आठवड्याभरात पुरी होते. परंतु धुळीशी त्याचा संबंध त्याहून सूक्ष्म आहे. कोळ्यांना खाऊन जगणारे दुसरे कोळी आणि चिमुकले भुंगेरे यांना धुळीने माखलेल्या पानावर वावरणे आणि शिकार शोधणे कठीण जाते. त्यामुळे जेथे धूळ, तेथे रक्षक नाहीत, आणि जेथे रक्षक नाहीत तेथे लाल कोळ्याची मोगलाई. अशा झाडावर कोणी नेहमीचे तीव्र कीटकनाशक फवारले, तर उरलेसुरले रक्षकही मरतात आणि कोळी, जो कीटकच नसल्याने त्या औषधाला बहुधा दाद देत नाही, तो पंधरा दिवसांत पूर्वीपेक्षा दुप्पट जोमाने उभा राहतो. दुकानातली बाटली आणल्यावर रोग वाढला अशी तक्रार या भागात वारंवार ऐकू येते. तिचे हेच कारण असते, आणि यात भेसळीचा संशय घेण्याचे कारण नसते. उपाय सांगितला की लोकांना तो फारच साधा वाटतो: रस्त्याकडच्या झाडांची पाने, विशेषतः पाठीकडून, दर तीन-चार दिवसांनी सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावीत. धूळ जाते, जाळी तुटते, कोळी खाली पडतो आणि बहुतेक वर येत नाही. एवढ्याने भागले नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्यांचा गर रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, किंचित साबण घालून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारावा. झाशीत कडुनिंबाला तोटा नाही.

कुरतडलेल्या पानांची गोष्ट वेगळी. तेथे हानी डोळ्यांना दिसते, पण अपराधी बहुधा जागेवर नसतो, म्हणून जखमेच्या काठावरून त्याची ओळख पटवावी लागते. तगरीच्या झाडाची शेंड्याकडली पाने एका रात्रीत नाहीशी झाली आणि खाली जमिनीवर मिरीच्या दाण्यांएवढी काळसर विष्ठा पडलेली आढळली, तर त्या विष्ठेच्या बरोबर वरची फांदी शांतपणे न्याहाळावी. बोटाएवढी जाड, हिरवीगार, मानेजवळ दोन निळसर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी तेथे पानाच्या रंगात मिसळून बसलेली सापडते. ती कण्हेरीच्या पतंगाची अळी. कण्हेर, तगर आणि सदाफुली ही तिची हक्काची घरे. तिला हाताने उचलून बाजूला करणे एवढाच तिचा बंदोबस्त, आणि मी तर एखादी तशीच राहू देतो, कारण तिच्यातून निघणारा हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग एकदा ज्याने पाहिला त्याला चार पाने गेल्याचे दुःख उरत नाही. कढीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे जे दिसते ती पुष्कळदा लिंबाच्या फुलपाखराची कोवळी अळी असते. पहिल्या पावसानंतर गुलाबाच्या पानांना रातोरात वेडीवाकडी छिद्रे पडली, तर दिवसा किडा शोधणे व्यर्थ. हुमणीचे भुंगेरे संधिप्रकाशात मातीतून वर येतात, रात्रभर खातात आणि उजाडण्यापूर्वी परत मातीत शिरतात. कंदील घेऊन रात्री नऊ वाजता पाहिले म्हणजे खातरजमा होते.

या जखमांपैकी एका जखमेविषयी मात्र मला आवर्जून बोलावयाचे आहे. गुलाबाच्या पानाच्या कडेचा तुकडा कधी कधी इतका गोल, इतका सफाईदार कापलेला आढळतो की कोणी लहान नाणे ठेवून कात्रीने कापला असावा. अळीने खाल्लेल्या पानाचा काठ दंतुर असतो, येथे तो कंपासाने आखल्यासारखा असतो. जवळपास विष्ठा नसते, आणि एकाच पानाला असे तीन-चार अर्धगोल असू शकतात. ही करणी पर्णकर्तक माशीची. ही एकाकी राहणारी मधमाशी पान खात नाही. कापलेला तुकडा पायांत धरून ती एखाद्या पोकळ दांड्यात किंवा भिंतीच्या भोकात नेते, त्याची गुंडाळी करून पेला बनविते, त्यात पराग आणि मध भरते, एक अंडे घालते आणि वरून पुन्हा पानाचे झाकण बसविते. गुलाबाला या चार अर्धगोलांनी काहीही होत नाही, आणि बागेतल्या फुलांना परागीभवनाची सेवा मात्र मिळते. अशा माशीच्या नावाने जो विष फवारतो त्याने आपल्याच दारचा पाहुणा मारला असे मी म्हणेन.

रस शोषणाऱ्या किडींचा कारभार पानाच्या पाठीमागे चालतो. जास्वंदीखालची फरशी चिकट लागू लागली, पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर आला आणि खोडावर मुंग्यांची लगबग वाढली, म्हणजे त्या मुंग्यांच्या मागोमाग वर जावे. त्या आपल्याला मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण यांच्या वसाहतीपर्यंत बिनचूक नेऊन पोहोचवितात. हे किडे झाडाचा गोड रस इतका पितात की त्यांना तो पचत नाही आणि चिकट गोड द्रव म्हणून ते तो टाकून देतात. मुंग्या त्या द्रवासाठी त्यांचे रक्षण करतात, आणि काळी बुरशी त्याच चिकट्यावर वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते. ज्यांनी बुरशीनाशक आणले त्यांनी दरोडेखोराला सोडून त्याच्या सावलीला पकडले. मावा एवढा झपाट्याने का वाढतो याचे उत्तर १७४० साली जिनिव्हाच्या चार्ल्स बॉने या जेमतेम वीस वर्षांच्या तरुणाने शोधून काढले: नुकतीच जन्मलेली एक मादी त्याने एकटी कोंडून ठेवली आणि नराचा स्पर्शही न होता तिला पिलांमागून पिले होताना पाहिली. खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट बंद केली, तर पहारा उठल्यामुळे माव्याचे शत्रू आपले काम स्वतःच करू लागतात.

या शत्रूंची, म्हणजे आपल्या मित्रांची, ओळख नसणे हा बागाईतीत केवढा मोठा घात आहे! ढालकिड्याचा लाल, ठिपकेदार भुंगेरा लहान मुलेही ओळखतात, परंतु त्याची अळी काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची आणि सुसरीच्या ठेवणीची असल्यामुळे ती दिसताच लोक तिला चिरडतात. तीच बिचारी दिवसभर मावा खात असते. यापेक्षाही बिकट प्रसंग क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याचा. ऑस्ट्रेलियातून १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानात आणलेला आणि पुढे महाराष्ट्रातल्या द्राक्षबागाईतदारांच्या परिचयाचा झालेला हा भुंगेरा पिठ्या ढेकणाचा कर्दनकाळ आहे, पण त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाची झालर वागविते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक चालण्यात. पिठ्या ढेकूण एके जागी चिकटून असतो, फार तर सावकाश सरकतो. क्रिप्टोलेमसची अळी काडीने डिवचली की लगबगीने चालू लागते. पांढरा कापूस दिसला की फवारा उचलण्याआधी काडी लावून पाहावी, एवढा अवधी तरी त्या जिवाला द्यावा. २००८ साली पपईवरचा पिठ्या ढेकूण कोइमतूरला प्रथम आढळला आणि थोड्याच काळात पपई, तुती, जास्वंद यांचा त्याने फडशा पाडला, तेव्हा औषधांनी जे साधले नाही ते २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणून सोडलेल्या असेरोफॅगस नावाच्या सूक्ष्म गांधीलमाशीने साधले, ही हकिकत फार जुनी नाही.

मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी जांभळट पडून गळू लागल्या, तर कळीच्या देठाशी बारीक छिद्र आहे का ते पाहावे. असल्यास आत कळी पोखरणारी अळी असते, आणि अशा सर्व कळ्या वेचून उकळत्या पाण्यात टाकणे हाच खरा इलाज. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊन फूल अर्धवट उमलत असेल, तर ते फूल पांढऱ्या कागदावर झटकावे. सुतासारखे बारीक फुलकिडे पडतात. बुरशीच्या रोगांबद्दल थोडक्यात एवढेच की, त्यांचे पंचांग ठरलेले असते. गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांना पान किमान सात तास ओले राहावे लागते, म्हणून तो रोग पावसाळ्याचा आणि संध्याकाळी पानांवर झारीने पाणी घालणाऱ्यांचा. उलट भुरीला पानावर पाणी नको असते, तिला थंड रात्री आणि कोरडे दिवस पुरतात, म्हणून ती हिवाळ्यात येते. हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्याला यांचे आगमन अगोदर कळते.

आता पिवळेपणाकडे, कारण दहांतल्या सात तक्रारी याच असतात. कोणते पान पिवळे पडले, जुने की नवे, हा एक प्रश्न विचारला की निम्मे प्रकरण निकालात निघते. झाडाच्या देहात नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतात. दुष्काळ पडला म्हणजे झाड खालच्या जुन्या पानांच्या कोठारातून ती काढते आणि शेंड्याच्या बाळपानांना पुरविते. म्हणून खालची पाने सर्वांगी फिकी पडत गेली तर नत्राचा तुटवडा, जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या असतील तर मॅग्नेशियमचा, जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या तर पालाशचा. लोहाचे तसे नाही. ते एकदा ज्या पानात गेले तेथेच राहते, जुन्या कोठारातून ते उचलता येत नाही, म्हणून लोह कमी पडले की थेट नवे पान पिवळे जन्मते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते, लोह नसते. पण लोहावाचून हरितद्रव्य तयारच होत नाही. खालची पाने पिवळी, झाड मान टाकलेले आणि माती मात्र ओली, असे दिसले तर पाणी अधिक होऊन मुळे गुदमरली आहेत. भर दुपारी कोमेजणारे आणि संध्याकाळी सावरणारे झाड उपटून पाहिल्यास मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी आढळू शकतात, आणि जे झाड हलक्या हाताने उपटून येते त्याची मुळे वाळवीने खाल्लेली असतात. मातीचे बोगदे ही तिची खूण.

काकूंच्या अनंताचे नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या होत्या. तेव्हा लोहाचा तुटवडा, हे उघड होते. परंतु झाशीच्या तांबड्या मातीत, जिला बुंदेलखंडात राकड म्हणतात, लोहाला कमी काय! माती लाल दिसते ती लोहामुळेच. तुटवडा मातीत नव्हता, मुळांच्या हाती लोह लागत नव्हते. आणि असे होते ते मातीत चुना वाढला किंवा कूपनलिकेचे कठीण पाणी वर्षानुवर्षे घातले गेले म्हणजे. अनंताला आम्लधर्मी माती लागते, चुनखडीत लोह कुलूपबंद होते. खजिन्यात मोहोरा आहेत आणि किल्ली हरवली आहे, असा तो मामला. मी आळ्यातली चिमूटभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले, ती फसफसली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या मातीवर टाकले. ती शांत राहिली.

एवढ्यावर निकाल द्यावा असे कोणाला वाटेल, पण मला साक्ष हवी होती, आणि ती पानाचीच. १८४३ च्या सुमारास, म्हणजे झाशीच्या गणेश मंदिरात मनकर्णिकेचा विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी, फ्रान्समध्ये युसेब ग्रिस या संशोधकाने पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचे पाणी लावून ती हिरवी करून दाखविली होती. जो क्षार त्याने वापरला त्यातलाच एक आपल्याकडे हिराकस या नावाने पिढ्यानुपिढ्या रंगारी आणि शाई बनविणारे वापरीत आले. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब, कारण लिंबाने लोह विरघळलेले राहते, ते द्रावण मी संध्याकाळी कुंचल्याने अनंताच्या एका पिवळ्या पानाच्या केवळ डाव्या अर्ध्या भागावर लावले, उजवा अर्धा तसाच ठेवला आणि देठाला दोरा बांधून काकूंना म्हटले, “काकू, आठ दिवस याला कोणी हात लावायचा नाही.”

ज्यांच्या घरी असा घोळ पडेल आणि स्वतःला उकल होणार नाही, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात नमुना नेऊन दाखवावा. झाशीत तर १९६२ पासून भारतीय चारा संशोधन संस्था आणि २०१४ पासून राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील विद्यापीठे आहेत. मात्र नमुना नीट न्यावा: पूर्ण वाळलेले पान निरुपयोगी असते, निरोगी आणि रोगट भाग जेथे मिळतात ती सीमा त्यात असावी, सोबत एक धडधाकट पान, मुळाजवळची मूठभर माती, झाडाला किती दिवसांनी पाणी घालता, अलीकडे काय फवारले आणि आसपास काय बांधकाम झाले याचे टिपण असावे, आणि हे सारे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले असावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कारण तिच्यात पान घामाने कुजते.

बांधकाम हा शब्द मी मुद्दाम लिहिला. नवव्या दिवशी काकूंनी मला पुन्हा बोलाविले. दोरा बांधलेल्या पानाचा डावा अर्धा, जेथे जेथे कुंचला फिरला होता तेथे तेथे, हिरवा झाला होता, आणि मधल्या शिरेच्या पलीकडचा उजवा अर्धा पहिल्यासारखाच हळदीचा होता. काकूंनी ते पान बराच वेळ हातात धरून ठेवले आणि मग आपणहून म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी ही कुंपणाची भिंत नव्याने बांधली होती. गिलावा चालू असताना माल सगळा इथेच पडायचा.” आम्ही खुरपे घेऊन आळे उकरले. वरची चार बोटे माती बाजूला केल्याबरोबर चुना-सिमेंटचे पांढरे खडे लागले. ते वेचून काढले, शेणखत आणि पानांचे कुजलेले खत मिसळून ताजी माती भरली, आणि अनंताला कूपनलिकेऐवजी पावसाचे साठविलेले पाणी घालण्याचे ठरले. श्रावण संपण्यापूर्वी त्याची नवी पालवी हिरवी आली. त्या आळ्यातून त्या दिवशी दोन घमेली चुना निघाला. किडा एकही निघाला नाही.